मारेगावच्या टेकड्या कशा उरल्या

यवतमाळहून मोहदा, करंजी मागे टाकून मारेगावकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना टेकड्या दिसतात. बहुतेकांचे माथे सपाट. लागून असलेल्या दोन टेकड्यांचे माथे नजरेनं जोडून पाहिले तर ते जवळपास एकाच पातळीवर येतात. उतारांवर आडव्या पायऱ्या पडलेल्या असतात. मारेगाव सोडून वणीच्या दिशेनं पुढे गेलं की टेकड्या विरळ होतात, जमीन वर्धेकडे उतरते, काळ्या शेतांमधून राजूरच्या चुनाभट्ट्या आणि कोळसा खदानींचे मातीचे ढिगारे दिसू लागतात. काळा दगड, पांढरी चुनखडी आणि कोळसा, तिन्ही एकाच तासाभराच्या प्रवासात. या तिन्हींच्या वयात कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे आणि तरी ते आज एकाच उन्हात उघडे पडले आहेत. असं का झालं, हे समजून घेतलं तर या टेकड्यांचा आकारही समजतो.

डोंगर कसे तयार होतात, याचं शाळेत मिळणारं उत्तर हिमालयाचं असतं. दोन भूखंड एकमेकांवर आदळतात, मधल्या समुद्राचा गाळ चेपला जातो, त्याला घड्या पडतात आणि तो वर उचलला जातो. उत्तर बरोबर आहे, पण ते मारेगावच्या मुलांना त्यांच्या गावामागची टेकडी समजावून देत नाही. कारण ही टेकडी कुणी उचललेली नाही. तिच्या भोवतालची जमीन झिजून गेली आणि ती मागे उरली. एवढंच नाही, मारेगाव-वणी भागाचा खरा इतिहास जमीन वर उचलली जाण्याचा नसून खाली खचण्याचा आहे. ज्या काळात जगात इतरत्र पर्वत उभे राहत होते, त्या काळात इथली जमीन ताणली जाऊन बुडत होती. कोळसा त्या खचण्याचीच देणगी आहे.

हे पटवून घ्यायला पुरावा दूर शोधावा लागत नाही. डोंगर दाबातून झाला असेल तर दगडाचे थर वाकलेले, उभे राहिलेले, कधी उलटेही झालेले दिसतात. विदर्भात असे दगड आहेत, पण उत्तरेला. नागपूरजवळच्या मनसर-रामटेक पट्ट्यापासून भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेले सौसर खडक पाहा. एके काळी ते समुद्रातली वाळू, चिखल आणि चुना होते. सातपुड्याच्या त्या पट्ट्यात उत्तरेचा बुंदेलखंडाचा जुना भूखंड आणि दक्षिणेचा बस्तरचा भूखंड एकमेकांवर रेटले गेले. तो रेटा टप्प्याटप्प्यानं चालला आणि त्याचा शेवटचा मोठा टप्पा सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. त्यात गाळाचे थर इतके तापले आणि दाबले गेले की वाळूचा क्वार्ट्झाइट झाला, चिखलाचा अभ्रकानं चमकणारा शिस्ट झाला, चुन्याचा संगमरवर झाला आणि चिखलातलं मँगनीज आजच्या खाणींतलं खनिज बनलं. तिथं एके काळी उभा राहिलेला पर्वत झिजून गेला आहे. त्याची मुळं तेवढी आपण खणतो.

आता राजूर, वणी, मुकुटबनच्या बाजूला या. तिथल्या चुनखडीला भूवैज्ञानिक पैनगंगा गटातली चुनखडी म्हणतात. तिचंही वय ढोबळमानानं शंभर कोटी वर्षांच्या घरातलं किंवा त्याहून थोडं जास्त आहे. पण खदानीच्या कापलेल्या भिंतीकडे नीट पाहिलं तर तिचे पातळ पातळ थर बहुतांशी आडवे किंवा थोडेसेच कललेले दिसतात. मोठ्या भेगांच्या कडेला ते वाकलेत, तुटलेत, पण सौसरसारखे मळून काढलेले नाहीत. म्हणजे ती चुनखडी साचली तेव्हापासून आजपर्यंत या भूमीवर पर्वत उभा करणारा दाब आलेला नाही. माझ्या मते वणी भागातल्या कुठल्याही खदानीतून मिळणारी ही सगळ्यांत मोठी माहिती आहे, आणि ती डोळ्यांनी वाचता येते.

ही चुनखडी उथळ समुद्रात साचली. त्या काळी शंखशिंपले नव्हते, मासे नव्हते, जमिनीवर गवताचं पातंही नव्हतं. पाण्यातला चुना खाली बसत होता आणि सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांमध्ये अडकत होता. अशा थरांचे जीवाश्म, ज्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात, वणी भागातूनही नोंदले गेले आहेत. त्या समुद्राच्या तळाशी होते त्याहून कितीतरी जुने नाइस आणि ग्रॅनाइट. तो बस्तर आणि धारवाड या दोन प्राचीन भूखंडांचा पाया. हे दोन भूखंड जिथं एकमेकांना जोडले गेले, ती शिवण वायव्येकडून आग्नेयेकडे जाते, आणि तीच पुढे पुन्हा पुन्हा उसवत राहिली. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांची दिशा नकाशावर पाहा. वरोऱ्यापासून सिरोंचा आणि पुढे भद्राचलमपर्यंत पाण्याची वाट साधारण त्याच रेषेत चालते.

चुनखडीनंतर मात्र इथल्या नोंदवहीतली कित्येक पानं गहाळ आहेत. सुमारे सत्तर कोटी वर्षांचा एकही थर इथं उरलेला नाही. काही साचलं असेल ते धुऊन गेलं. ही पोकळी किती खरी आहे, हे चंद्रपूर भागातल्या इरई गावाजवळ दिसतं. तिथं पैनगंगा चुनखडीची पाठ गुळगुळीत घासली गेली आहे आणि तिच्यावर समांतर ओरखडे आहेत. 1870 च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी त्यांची नोंद केली. ते ओरखडे हिमनदीनं ओढलेले आहेत. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका मिळून एकच महाखंड होता. आपला भाग त्यात दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. बर्फाच्या तळाशी गोठलेले धोंडे चुनखडीवरून घासत गेले. बर्फ वितळल्यावर ते धोंडे आणि बारीक हिरवट माती जिथल्या तिथं पडली. त्या थराला तालचीर म्हणतात. चंद्रपूर-वणीच्या उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर पारा जात असताना त्या ओरखड्यांवर हात ठेवता येतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याच महाखंडाला गोंडवाना म्हणतात. मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलुखात तालचीर आणि त्यावरचे थर सापडले, म्हणून भूवैज्ञानिक मेडलिकॉट यांनी 1872 मध्ये त्यांना हे नाव सुचवलं. पुढे ऑस्ट्रियाचे एडवर्ड स्यूस यांनी ते सगळ्या महाखंडाला दिलं.

आता खचण्याकडे येऊ, कारण सगळ्याची किल्ली तिथं आहे. जमिनीचं कवच दोन बाजूंना ताणलं जातं तेव्हा त्यात तिरप्या भेगा पडतात. या भेगांना भ्रंश म्हणतात. दोन समोरासमोरच्या भ्रंशांमधला पट्टा आधार सुटल्यामुळे खाली सरकतो आणि दोन्ही कडा उंच राहतात. अशी लांबलचक, अरुंद खचदरी तयार झाली की आजूबाजूच्या नद्या तिच्यात उतरतात आणि गाळ आणून टाकतात. गाळाच्या वजनानं तळ आणखी दबतो. ताण चालू राहिला तर पट्टा आणखी खचतो, नवा गाळ येतो. हजारो मीटर खोलीचा गाळ साचला म्हणजे तिथं हजारो मीटर खोल पाणी होतं असं नव्हे. पाणी उथळच असतं. तळ हळूहळू खाली जात राहतो.

कोळसा होण्यासाठी नेमकं हेच लागतं. दलदलीत झाडं मरून पडतात. हवेत राहिली तर कुजून नाहीशी होतात. पाण्याखाली दबली तर टिकतात. तळ फार वेगानं खचला तर दलदलीचं तळं होतं आणि झाडं बुडून जातात. फार सावकाश खचला तर झाडांचा ढीग पाण्याबाहेर येऊन कुजतो. दलदलीची वाढ आणि जमिनीचं खचणं यांचा वेग दीर्घ काळ जुळला तरच जाड थर साचतो. वर्धा खोऱ्यात तो जुळला. इथल्या बराकर नावाच्या थरात मुख्य कोळसा एकाच जाड पट्ट्यात आहे आणि काही ठिकाणी त्याची जाडी पंधरा-वीस मीटरपर्यंत जाते. कोळशाच्या एका मीटरसाठी मूळ वनस्पतींचा त्याच्या कितीतरी पट जाड थर दाबला जावा लागतो, हे लक्षात घेतलं म्हणजे ती दलदल किती काळ टिकली असेल याचा अंदाज येतो.

ही झाडं आजच्या सागा-पळसासारखी नव्हती. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस नावाचं झाड मुख्य होतं. त्याचं पान लांबट जिभेच्या आकाराचं, मधोमध शीर आणि दोन्ही बाजूंना बारीक शिरांचं जाळं. हिवाळ्यात ते पानं गाळायचं, म्हणून या थरांतल्या शेल दगडाच्या पापुद्र्यांवर पानांचे ठसे थरावर थर सापडतात. 1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे साथीदार मरण पावले. त्यांच्यापाशी जे दगड सापडले, त्यांत याच झाडाचे जीवाश्म होते. अंटार्क्टिकातल्या आणि वर्धा खोऱ्यातल्या दगडात एकाच झाडाची पानं. जमिनी एके काळी जोडलेल्या होत्या, याला याहून साधा पुरावा मिळणार नाही.

आपल्या कोळशात राख जास्त असते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राच्या राखेच्या तळ्यांकडे पाहिलं की ती दिसते. तिचं कारणही खचदरीच आहे. नद्या दलदलीत सतत बारीक गाळ आणत होत्या, तो झाडांच्या ढिगात मिसळला. तो कोळशातून पुरता वेगळा काढता येत नाही, जळल्यावर राख म्हणून मागे उरतो.

टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी 1877 साली वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. वरोऱ्याची खाण त्याच दशकात सुरू झाली होती. त्यानंतर नदीच्या दोन्ही काठांवर छिद्रं पाडून थर तपासले गेले. छिद्रातून निघालेली दगडाची कांडी क्रमानं पेटीत मांडतात, आणि एका गावच्या कांडीतला कोळसा शंभर मीटरवर, शेजारच्या गावात तीनशे मीटरवर लागला की मधून भ्रंश जातो हे कळतं. उघड्या खदानी कुठं होतील आणि भुयारी खाण कुठं करावी लागेल, हे इथं तीस कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या खचण्यानं ठरवलं आहे. कोळशावर नंतर कामठी वालुकाश्म साचला. लालसर, लोहयुक्त, सच्छिद्र. पावसाचं पाणी तो चांगलं मुरवतो, त्यामुळे वर्धेकाठच्या काही विहिरींचं पाणी त्यातून येतं.

मग पुन्हा मोठी पोकळी. पुढचं जे पान मिळतं ते सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचं. तोवर गोंडवाना तुटला होता आणि भारत एकटा उत्तरेकडे सरकत होता. मारेगावच्या समोर, वर्धेपलीकडच्या वरोरा भागात पिसदुरा गाव आहे. तिथल्या लॅमेटा नावाच्या थरांतून नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात प्रचंड प्राण्यांची हाडं गोळा केली. ते टायटॅनोसॉर जातीचे लांब मानेचे डायनोसॉर होते. त्यांची दगड झालेली विष्ठाही तिथं सापडते, आणि 2005 साली भारतीय आणि परदेशी संशोधकांनी त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष दाखवून दिले. डायनोसॉरच्या काळात गवत होतं आणि ते खाल्लं जात होतं, हे जगाला कळलं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका माळामुळे. पिसदुऱ्याचं नाव मराठी पाठ्यपुस्तकांत ठळक असायला हवं असं मला वाटतं.

त्याच सुमाराला, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, लाव्हा आला. त्याला एकच शिखर, एकच तोंड नव्हतं. कवचातल्या लांब भेगांमधून हजार-बाराशे अंश तापलेला पातळ लाव्हा बाहेर पडला आणि सपाटीवर पसरत गेला. एक थर थंड झाला, त्यावर माती तयार झाली, कधी तळी साचली, मग पुढचा थर. त्यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतच बाहेर पडला असं आताचं कालमापन सांगतं. आज उरलेला बेसाल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते आणि पूर्वेकडे येताना कमी होत जाते. मारेगाव हे त्या आवरणाच्या पूर्व काठाजवळ आहे, म्हणूनच इथं ते फाटलेलं, विरलेलं दिसतं आणि खालचे थर डोकावतात.

2022 साली वणी-पांढरकवडा भागातल्या शिबला-पार्डीजवळ रस्त्याच्या कामात सहा बाजूंचे दगडी खांब उघडे पडले तेव्हा ते पुरातन बांधकाम आहे की काय अशी चर्चा झाली. ते बेसाल्टचेच होते. लाव्हा थंड होताना आकसतो. तळ्याचा गाळ सुकताना जशा भेगा पडतात तशाच भेगा त्याच्या पृष्ठभागावर पडतात, आणि आतला भाग थंड होत जाईल तशा त्या खोल उतरतात. थंड होणं सावकाश आणि सारखं झालं तर भेगा षटकोनी जाळीत बसतात आणि दगड खांबांमध्ये चिरला जातो.

लाव्हाच्या या चादरीनं कोळसाही झाकला. वर्धा खोऱ्याच्या पश्चिम अंगाला बेसाल्टखाली कोळशाचे थर पसरलेले आहेत. यवतमाळच्या बाजूनं मारेगावकडे येताना टेकड्यांखाली काय दडलं असेल, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा राहत नाही.

लाव्हा येत होता तेव्हा भारत फार वेगात होता. वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून जास्त. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला, वेग पाच सेंटिमीटरच्या आसपास उतरला आणि हिमालय उभा राहू लागला. ज्या भूपट्टावर मारेगाव बसलं आहे, त्याच्या उत्तर टोकाला जगातला सगळ्यांत उंच पर्वत तयार होत असताना इथं घडी पडली नाही. जुना, थंड, जाड भूखंड तो रेटा आतून पुढे पोहोचवत राहतो. मात्र जुन्या भेगा अधूनमधून सरकतात. 13 एप्रिल 1969 रोजी भद्राचलमला 5.7 तीव्रतेचा भूकंप झाला, तो याच गोदावरी खचदरीत. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप बेसाल्टखालच्या जुन्या खडकात झाला. दख्खनला भूकंप होत नाहीत, हा समज खोटा आहे.

आणि आता टेकड्या. बेसाल्टचा प्रत्येक थर वरच्या अंगाला छिद्रांचा, ठिसूळ असतो आणि मध्ये घट्ट. ठिसूळ भाग लवकर झिजून उतार होतो, घट्ट भाग टिकून कडा होतो. पायऱ्या पडतात त्या अशा. ओढ्यांनी चादर कापली, दऱ्या रुंदावल्या, मधले तुकडे सपाट माथ्याचे उरले. माथे एका पातळीवर दिसतात कारण ते एकाच जुन्या पठाराचे अवशेष आहेत. वर्धा आणि पैनगंगेनं तर बेसाल्ट पार कापून खालचा मऊ गोंडवाना वालुकाश्म गाठला. मऊ दगडात नदीची दरी झपाट्यानं रुंद होते. त्यामुळे नदी पुन्हा त्या जुन्या खचदरीवरच येऊन वाहते आहे, आणि तिच्या काठी कोळसा हाताशी आला आहे.

शेतकऱ्याला हा इतिहास रोज भेटतो. उतारावरची बरड जमीन, तिच्याखालचा मुरूम आणि सखल भागातली कापसाची काळी, ही सगळी बेसाल्टचीच झीज. टेकडीवरच्या कोलाम आदिवासींच्या पोडांना, म्हणजे वस्त्यांना, उन्हाळ्यात पाण्याचे हाल सोसावे लागतात, कारण अरुंद माथ्यावर पडलेला पाऊस छिद्रांच्या थरातून सरकत पायथ्याला निघून जातो. तिथं खोल बोअर मारण्यापेक्षा उतारावरचे झरे शोधून जपणं शहाणपणाचं. चुनखडीत पाणी भेगांमध्ये असतं, एका धुऱ्यावर भरपूर आणि दुसऱ्यावर ठणठणीत. जिल्ह्याच्या या बाजूच्या काही गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त येतं, तेही खडकातूनच पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असणं दातांना आणि हाडांना घातक आहे. म्हणून नवी बोअर गोड लागली तरी पाणी तपासल्याशिवाय मुलांना पाजू नये.

मारेगाव तालुक्यात दर उन्हाळ्यात विहिरी खणल्या जातात, बोअर पाडल्या जातात आणि बाहेर आलेला दगड धुऱ्यावर फेकला जातो. तसं करू नका. किती फुटांवर रंग बदलला, काळा दगड कुठं संपला, पांढरा किंवा लाल कुठं लागला, पाणी कुठं आलं, एवढं एका वहीत तारखेसह लिहा, प्रत्येक थराचा मूठभर चुरा चिठ्ठी लावून ठेवा आणि नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत व जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात द्या. पुढच्या माणसाला विहिरीची जागा निवडताना ती उपयोगी पडेल.